चित्र क्रमांक सतरा

परदेशातून आलेल्या गड्डीत बर्फाचं घर होतं,
तारांचं एक उभं वाद्य,
आणि एक पक्षी, ज्याचं नाव मलाही आलं नाही.
औशाच्या, निलंग्याच्या, चाकूरच्या माणसाला
मेंदू उघडा असताना हे विचारायचं?
मग मीच काढली ऐंशी चित्रं, काळ्या शाईत:
तिफण, सूप, पाटा, करडईचं फूल,
एसटीची पाटी,
सतरा नंबरला अडकित्ता.

मैनोद्दीन तांबोळी, उदगीर, वय एक्केचाळीस.
पानाचं दुकान. डाव्या बाजूला गाठ, दोनदा झटके.
घरात दखनी, दुकानात मराठी,
बिदरच्या गिऱ्हाइकाशी मोडकी कन्नड.
फॉर्मवर भाषेपुढे रेघ एकच. मी मराठी लिहिलं.
आदल्या दिवशी त्याने ऐंशीच्या ऐंशी ओळखली,
सतराव्याला थांबून हसला:
"मॅडम, पातं उलटं काढलंय.
असं धरलं तर सुपारी नाही, बोट कातरंल."

दुसऱ्या दिवशी हिरव्या कापडाच्या अलीकडे तो आणि मी,
पलीकडे सर, हातात विजेची बारीक सुई.
हे काय? सूप.
हे काय? पाटी. लातूर-उदगीर.
हे काय?
तोंड उघडं.
चादरीखाली त्याची बोटं कातरत होती,
हवेतच, कच्च कच्च.
मग म्हणाला: "सरौता."

"बरोबर?" कापडाच्या पलीकडून.
माझ्या कागदावर चौकोन दोनच.
"चूक," मी म्हणाले.
सर थांबले.
तिथे आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवला,
आणि त्याच्यामागचं सगळं राहू दिलं.

काढलेली गाठ: एक्क्याण्णव टक्के.
उरलेली सुपारीएवढी.
(अहवालात मिलिमीटर आहेत, सुपारी माझी.)
गुंतागुंत: वाचा गेली, तात्पुरती, आठ दिवस.
नवव्या सकाळी पहिला शब्द आला, चुना.
बिल्कीसबी पदरात हसली:
"कुणाला लावला हो?"

पुण्याहून गाठीचा अहवाल आला.
एकशे बत्तिसाव्या जागी
एका अक्षराऐवजी दुसरं.
"म्हणजे लिहिण्यात चूक झाली?"
हो. पण ही चूक ज्यांच्या गाठीत असते,
ती माणसं जास्त वर्षं काढतात.
तो बराच वेळ गप्प.
"उधारीच्या वहीत बी निघती अशी.
बेरीज चुकलेली, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं."
मग काय करता?
"राहू देतो."

चौसष्ट रुग्ण, चार वर्षं, दर सहा महिन्यांनी फोन.
सात जणांपुढे 'संपर्क तुटला'.
एक नंबर आता हैदराबादेत कुणाकडे आहे,
तो मला आवाजावरून ओळखतो:
"ताई, राँग नंबर. जेवलात का?"
परिषदेत सरांनी आलेख दाखवला,
जिन्यासारखी उतरणारी रेघ.
टाळ्या पडल्या.
त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीचं गाव मला माहीत आहे.

सरौत्याचं मी पुष्कळांना विचारलं.
एक शोधनिबंध म्हणतो, भाषा बदलली, थांबा.
दुसरा म्हणतो, शब्द आला ना, चला पुढे.
दोन्ही छापलेले.

परवाच्या स्कॅनमध्ये
त्या राहिलेल्या जागेच्या कडेला पांढरं,
नखाएवढं.
तो समोर बसला, खिशातून पुडी काढली,
परत ठेवली.
"त्या दिवशी मी सरौता म्हणालो.
तुम्ही चूक म्हणालात."
तुम्हाला आठवतंय?
"कान कुठं बंद केलते माझे?"
रागावला नव्हता. हिशेब विचारावा तसं विचारलं.
मी सांगितलं, काय वाटलं होतं तेव्हा,
आणि अजून कळलेलं नाही ते.
"बरं," म्हणाला.
"आता दोन्ही येतात मला. अडकित्ता बी, सरौता बी.
बघा, म्हणून दाखवू?"
म्हणून दाखवलं.

सोमवारी पुन्हा.
फॉर्मवर आता भाषेपुढे तीन रेघा,
कागदावर पेन्सिलीने तिसरा चौकोन,
त्याला नाव दिलेलं नाही.
सतरा नंबर गड्डीत तसाच आहे, मुद्दाम.
पातं उलटंच ठेवलंय.
तो बघेल, आणि काहीतरी बोलेल.